लाल झाकण, पांढरं झाकण

बेसा, नागपूर
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चिरंजीव चेतन,

तुझ्या आजीचे तुला दोन्ही हातांनी आशीर्वाद. त्यातला एक हात तेलकट आहे. कारण पुढे येईल.

मी बोलते आहे आणि तुझी बहीण ऋतुजा लिहिते आहे. "आजी, तुझं मले-तुले मी शुद्ध करून लिहिते," म्हणाली. मी म्हटलं, माझं कर बाई, पण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं राहू दे. दुसऱ्याच्या तोंडातला घास आपण कशाला चावायचा? फोनच केला असता, पण फोनवर तू "हो आजी, बस आली आजी" म्हणतोस आणि ठेवून देतोस. तीन महिन्यांत तुझी कंपनीची बस इतक्या वेळा आली की तेवढ्या बसगाड्या साऱ्या हिंगण्यात नसतील. शेजारचा प्रशिक तुझ्याच पाळीला आहे. तो उद्या हे पत्र आणि तिळाचे लाडू आणून देईल. लाडू अकरा आहेत. अकराच निघाले पाहिजेत, हे त्यालाही सांगितलंय.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा थंडीत बोलतो, पण माझ्यापेक्षा कमीच. तुझ्या बापानं मिशी काढली. पहिल्या दिवशी मी त्याला गॅरेजचं गिऱ्हाईक समजून बस म्हटलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणतो, "माय, मी मधू आहो ना वं."

आता खरी बातमी. कृष्णकांतची ती चार चाकांची फटफटी, उमरेड रोडवर हुरडा खायला आलेल्यांना वावरातून फिरवते ती. तिचं इंजिन तुझ्या बापानं शेवटी उघडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू तिच्यात पेट्रोल टाकून फेरी मारायला नेलीस आणि ती वाटेतच जाम झाली, तेव्हापासून ते इंजिन गोणपाटाखाली पडून होतं. त्या दिवशी मधू साऱ्या गल्लीपुढे ओरडला होता, "पेट्रोलमंधी ऑइल टाकाचं भुललास! एवढं बी जमत नाही तुले?" तू म्हणालास, "टाकलं होतं, बाबा." त्यानं ऐकलं नाही. आठ दिवसांत तू हिंगण्याला नोकरी आणि खोली दोन्ही धरलंस.

तर इंजिन उघडलं. आतला क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, गेला होता. बेरिंग जळून निळं पडलेलं, पिन झिजलेली, रॉड खुळखुळ्यासारखा वाजत होता. मधूनं नवी पिन, नवा रॉड, नवं बेरिंग आणलं आणि लेथवाल्याकडून दाबून बसवून घेतलं. पण बसवलं म्हणजे झालं, असं नसतं म्हणे. क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या जड चकत्या एका रेषेत फिरायला हव्यात. केसभर जरी डोलल्या तरी इंजिन स्वतःलाच खाऊन टाकतं.

मग त्यानं क्रँक दोन टोकांमध्ये धरला, त्याला डोलणं मोजणारं काट्याचं घड्याळ लावलं आणि हातानं फिरवायला लागला. फिरवायचं त्यानं, पितळी हातोडी मारायची त्यानं, आणि काटा कोण पाहणार? ते तर तुझं काम. मग म्हणाला, "माय, तू पाह्यतं का?"

"मला आकडे येत नाहीत."

"आकड्याचं राहू दे. काटा कुठं पयते ते सांग."

काटा पळतो ते पाहायला शाळा लागत नाही रे बाबा. तुझे आजोबा मागावर बसायचे तेव्हा सुताच्या कांड्या मी भरायची. रहाटाची चाती, म्हणजे फिरणारी सळई, वाकली की सूत तुटायचं. ती फिरवत फिरवत, बोट टेकवून, कुठं उंच लागते ते पाहायचं आणि तिथं लाकडानं हलकेच मारायचं. हे तेच, फक्त लोखंडाचं. "इथं. हळू. बैलाला मारतोयस का?" असं म्हणत दोन दुपारी गेल्या. काल काटा जागेवर थांबला. जरा थरथरला असेल, पण तेवढं मीही थरथरते.

आणि तेव्हा तुझा बाप क्रँककडे पाहून म्हणाला, "चेतनचा हात माह्यापेक्षा बरा होता."

ऋतुजा, आता हसू नको. लिही.

चेतन, दसऱ्याला अवजारांची पूजा म्हणून मी गॅरेजमधल्या पेट्रोलच्या डब्यांची झाकणंही घासली होती. लाल झाकणाच्या डब्यात त्या फटफटीला लागतं तसं ऑइल मिसळलेलं पेट्रोल, पांढऱ्या झाकणाच्या डब्यात साधं. नाव लिहिलं तर आजीला कसं कळणार, म्हणून ती रंगाची युक्ती तूच काढली होतीस. मी दोन्ही झाकणं चकचकीत केली, कुंकू लावलं आणि चुकून एकमेकांच्या डब्यांना लावली. तू लाल पाहिलंस आणि ओतलंस. धारेचा रंग पाहायला हवा होतास, पण आजीच्या झाकणावर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही.

हे मला गाडी जाम झाली त्याच संध्याकाळी कळलं होतं. पांढऱ्या झाकणाच्या डब्यात ऑइलवालं निळसर पेट्रोल दिसलं. आणि मी काय केलं? गुपचूप झाकणं पुन्हा बदलली. म्हटलं, बापलेकाचं भांडण आहे, दोन दिवसांत निवेल. ते निवलं नाही, आणि मग बोलायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगत राहिले. चूक झाकणांची होती, पाप त्यानंतरचं.

काल ते मधूला सांगितलं. त्यानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "पोरगा खरं बोलून राहिला होता, अन् मी डबा बी पाह्यला नाही." माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. आज सकाळी त्यानं इंजिन पुन्हा जोडून गाडीत चढवलं, पेट्रोल टाकलं, पण चालू केलं नाही. कृष्णकांत चालू करायची दोरी ओढायला गेला तर त्याचा हात धरला. "थांब गा. पयली दोरी चेतन ओढीन."

फोन करायला तो लाजतो. मिशी असती तर केला असता.

डब्यांच्या मुठींना मी आता सूत बांधलंय, एकीला लाल, एकीला पांढरं. पक्की विणकराची गाठ आहे, घासली तरी सुटणार नाही. रविवारी तुला सुट्टी असते. दुपारी ये. दोरी ओढ, धूर कर, बापाला काय बोलायचं ते बोल. मी मध्ये पडणार नाही. पडायचं तेव्हा पडले नाही, आता कशाला?

ऋतुजा म्हणते, सही तीच करून देईल. नको म्हटलं. खाली काळा अंगठा आहे तो माझा, क्रँकच्या तेलाचा. या वेळी माझं काम दुसऱ्याच्या नावावर जायला नको.

तुझी,
झाकणं बदलणारी
कुसुमावती आजी