बेसिनच्या कडेचं सिलिकॉन

बाबा, न्हाणीघरातल्या बेसिनच्या कडेची फट बुजवायला तुम्ही लावलेलं सिलिकॉन मी परवा काढलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या कडेला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. यंदा मात्र पाणी मागच्या भिंतीत उतरलं, स्वयंपाकघराच्या बाजूने पोपडे सुटले, काळी बुरशी धरली आणि तिच्यामुळे आईचा दमा उठला. आदिलाबादला जाऊन हार्डवेअरवाल्याकडे नवी ट्यूब मागितली, तर तो म्हणाला, "पुराना पूरा निकालना पडता अम्मा, पुराने पे नया पकडताच नै." तुम्ही तर दर दिवाळीच्या साफसफाईला जुन्यावरच नवा थर चढवायचात.

अजून दिसता तुम्ही. मावला गावच्या मळ्यातून येता, टमाट्याच्या झाडांनी बोटं काळी-हिरवी झालेली, ती राखेने घासता आणि वाटीत साबणाचं पाणी घेऊन बेसिनपाशी उकिडवे बसता. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "जुनं तं काढा पयले!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "काऊन काढू? चांगलं चिपकून हाये थे." मग बोट पाण्यात बुडवून त्या कडेवरून असं सावकाश फिरवता, की शाळेची चित्रकलासुद्धा मी इतक्या जपून केली नसेल. एका वर्षी दुकानदाराने तपकिरी ट्यूब गळ्यात मारली, तर मळ दिसत नाही म्हणून तीच कशी बरी, हे आम्हाला पटवत बसलात. जेवताना बोटाला चिकटलेलं तसंच. "भाकरीसंगं थेबी खाता का?" आई म्हणायची. एकदा मी विचारलं, एवढं कशाला थापता? तेव्हा तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तुह्या मायचे गुडघे गेले. थे याले धरून उभी रायते. हे हाललं नाई पायजे." बेसिन खालच्या बोल्टांवर उभं असतं, हे तुम्हाला सांगून काय उपयोग होता!

परवा मी केस वाळवायच्या मशीनने ते गरम केलं आणि पात्याने कापायला लागले. सगळ्यात वरचा थर तुमच्या शेवटच्या दिवाळीचा. तुम्ही स्टुलावर बसून लावला होता, दोनदा दम खायला थांबला होतात. तो वाकडातिकडा, मध्येच तुटलेला. तो निघाला आणि त्याखालचा जरा सरळ आला. त्याखाली तपकिरी. त्याखाली एकसारखी, गुळगुळीत रेघ, तुम्ही धडधाकट होता तेव्हाची. मी खरवडत खाली जाईन तसे तुम्ही बरे होत गेलात, बाबा. मग पातं भिंतीच्या फरशीला लागलं आणि तिथे तुमचं काहीच उरलं नव्हतं, नुसती काळी ओल होती. मी तिथेच ओल्यात बसून रडले. आणि रागही आला तुमचा. इतकं जिवापाड जपलंत, आणि पाणी तुमच्या सगळ्या थरांखालून पहिल्यापासून जातच होतं.

आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती. "निंगालं का?"

"निंगून राह्यलं."

"सगळं नको काढू वो बाई. कोपऱ्यातलं राहू दे थोडं."

मी म्हटलं, थोडं ठेवलं तर पाणी पुन्हा शिरेल, तुझा दमा उठेल. ती म्हणाली, "मंग काढ," आणि खुर्ची फिरवून अंगणाकडे तोंड केलं. कागदात गोळा केलेले तुकडे मी तिला दाखवले नाहीत, तिनेही मागितले नाहीत.

आता ती अंगणातल्या नळावर तोंड धुते, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. उठली की पहिलं विचारते, "सुकलं का वो थे नवं?" मी म्हणते, "सुकून राह्यलं, हात नको लावू." तिला ते खरं वाटतं, की ती मला सांभाळून घेते, कळत नाही. हा कागद काही कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बाबा, त्या नव्या ट्यूबचं टोकसुद्धा मी अजून कापलेलं नाही.