पळपुट्याचा चेहरा

८ फेब्रुवारी १९४३, टोरांटो

मुखपृष्ठ मायरॉनला दिलं! आमच्या चित्रकथांच्या मासिकाचा वीर, कॅप्टन टुंड्रा, माझा. दीड वर्ष त्याचा एकेक बर्फाचा कण मी काढला. आतली पानं काळी-पांढरी, रंग काय तो मुखपृष्ठाला — आणि तो या काल आलेल्याला! मालक म्हणतात, "ऑड्री, बाईच्या हातचा वीर जरा मवाळ होतो गं." मवाळ! बघाच आता.

११ फेब्रुवारी

नव्या गोष्टीत एक पळपुटा लेफ्टनंट हवा होता. चेहरा मायरॉनचा दिला. तेच बसकं नाक, हनुवटीवर तीच खाच. इथे सगळेच एकमेकांचे चेहरे वापरतात, कुरकुर करायची नसते. तोही हसला. कान मात्र लाल झाले. फार बरं वाटलं.

२ एप्रिल

अंक आला. ट्राममध्ये शाळकरी मुलींनी त्याला ओळखलं म्हणे! "हाच तो! म्हणूनच अंगावर सैन्याचा गणवेश नाही." ऑफिसात रोज तेच. शाई आणायला उठला तरी — "पळालास का रे?" सुरुवात बहुतेक मीच करते. आज म्हणाला, "आई एकटी आहे गं. तिला इंग्रजी येत नाही. नाहीतर कधीच लढाईवर गेलो असतो."

मी म्हटलं, "पळपुटाही हेच म्हणतो. पान चार बघ."

१९ एप्रिल

मायरॉन सैन्यात भरती झाला. मुखपृष्ठ माझ्याकडे.

६ जुलै १९४४

मुलांच्या पत्रांचा ढीग — पळपुट्याला शिक्षा कधी? आज चित्रात त्याला संपवलं. कॅप्टनची गोळी, पाठीत. मालक खूश. ऑक्टोबरच्या अंकात येईल.

२१ सप्टेंबर

मायरॉन गेला. इटलीत. त्याच्या आईला तार आली. जखमी सोबत्याला आणायला माऱ्यात धावला होता. मी मुखपृष्ठाचं आभाळ रंगवून संपवलं.

२८ सप्टेंबर

त्याची आई आली होती. डोक्याला काळा रुमाल, बोलायला सोबत शेजारीण. हातात या महिन्याचा अंक. बर्फावर मायरॉन धावतोय, मागे कॅप्टन — त्या चित्रावर तिने बोट ठेवलं.

शेजारीण सांगत होती, "त्या म्हणतात, कॅप्टनसुद्धा मागे पडला! माझा मायरॉन सगळ्यांच्या पुढे. तुम्ही त्याला आधीच ओळखलं होतं, बाई."

शेजारणीला इंग्रजी वाचता येतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

म्हातारीने माझ्या हातांचे मुके घेतले. चित्राखाली सही मागितली. मी केली.

३० सप्टेंबर

ऑक्टोबरचा अंक छापून आला. चर्चमध्ये वाटायला तिने चाळीस प्रती सांगून ठेवल्यात. पहिली मीच तिच्या हातात द्यावी, असा निरोप आहे.