चंदूच्या पानात काय वाढायचं

विरार (पश्चिम),
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वसुताईस,
चंद्रहासचा सा. न. वि. वि.

तुझी उन्हात वाळवलेली सुकेळी पोचली. तुमच्या गावच्या स्टॅनीने खाली टेम्पो उभा करून अशी हाक मारली की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलं, चंद्रहासच्या बहिणीने वटारहून गोड पाठवलंय. डबा त्याच्याच हाती परत पाठवतोय. रिकामा डबा परत करायचा नाही ही आईची शिकवण मी विसरलेलो नाही, म्हणून आत काकडी आहे. सोललेली, बिनमिठाची. सुकेळी तुझ्या भावजयीने, संपदाने, आणि क्षितिजाने खाल्ली. मी वास घेतला.

मी दोन वर्षांत चाळीस किलो उतरवले, हे तुझं गावभर सांगून झालंच आहे. डॉक्टर खूश आहेत, साखर खाली आली, गोळ्या निम्म्या झाल्या. पण आमच्या सांडोरच्या कॅथरिनबाई, ज्यांनी मला आहार लिहून दिला होता, त्यांचं काय बिनसलं कळेना. परवा म्हणाल्या, आता उतरवणं बंद, आता सगळ्यांसारखं तीन वेळा जेवायचं, भात-पोळी-भाजी, सणावारी गोड, आणि वजन आहे तिथे राखायचं. अगं, भात! ज्या बाईने दोन वर्षं मला भाताचा घास मोजून दिला, ती म्हणते पोटभर जेवा. मी तेव्हाच ओळखलं, हिला माझं यश बघवत नाही. तिच्याकडे जाणं बंद केलंय. माझं मी बघतो.

आता मुद्द्याचं. क्षितिजाचं केळवण तू ७ डिसेंबरला ठेवलंयस, आम्ही तिघंही येऊ. फक्त माझं पान मांडू नकोस. माझा डबा मी घेऊन येईन, उकडलेले मूग आणि ताक. कोपऱ्यात बसून खाईन, कुणाला कळणारही नाही.

श्रीपतराव भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो काकडीपायी कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
चंदू


वटार,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. चंदूस,
वसुताईचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण आपण दोघांनी फोनवर भांडायचं नाही, भांडण लिहून पाठवायचं, हा बाबांचा नियम. तू फोन आपटायचास आणि मी रडायचे म्हणून त्यांनी घालून दिला. आता मोबाईल आपटता येत नाही, तरी नियम तो नियम.

मेल्या, काकडी? माझ्या अंगणात वेलावर लटकतायत काकड्या! त्या सोडून तू विरारहून मला काकडी पाठवलीस! तुझ्या भावोजींनी डबा उघडला आणि विचारलं, चंद्रहासला नोकरीवरून काढलं की काय.

आणि मुलीच्या केळवणाला मुलीचा बाप स्वतःचा डबा घेऊन येणार? माझ्या दारात? अरे, आत्याने केलेलं केळवण आहे, सरकारी कचेरी नाही डबा आणायला. लोक काय म्हणतील, वसूच्या हातचं सख्ख्या भावालाही चालत नाही. कोपऱ्यात बसणार म्हणे! तू कोपऱ्यात बसलास की सगळी पंगत कोपऱ्याकडे बघणार.

तू बारीक झालास तेव्हा मी पेढे वाटले होते, आठवतंय ना? मनापासून वाटले होते. पण दिवाळीला तू कुर्ता घालून आलास आणि तुझ्या गळ्याची हाडं दिसली. शेजारची म्हातारी मला बाजूला घेऊन विचारते, पानी तरी पितो ना गं तो? मी हसले, पण घरात येऊन रडले. पूर्वी तुला दम लागायचा त्याची काळजी होती. आता तुझी ही दशा. मला एका भावाची दोनदा काळजी करायला लावतोस.

जेवणार असशील तरच ये. नाहीतर संपदा आणि क्षितिजाला पाठव आणि तू घरी बसून मूग मोज.

संपदाला आशीर्वाद. रागावले असले तरी लोभ आहे तेवढाच आहे.

तुझी,
वसुताई


विरार,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वसुताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तोंड पाडून फिरलो. संपदाने विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी. ती म्हणाली, कशाची, हवेची?

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. राजोडीला ऑफिसातल्या जितेंद्रची घरभरणी होती, माझं वजन सगळ्यात जास्त होतं तेव्हा. अंगणात सतरंजीवर पंगत. जेवलो, आणि उठताच येईना. सगळे हात धुवून आले तरी मी बसलेलाच. शेवटी दोन आचाऱ्यांनी काखेत हात घालून मला उभं केलं. कुणीतरी हसलं. क्षितिजा समोरच होती. तिने मान फिरवली, आणि आजपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

ताई, मला अन्नाची भीती वाटत नाही, माझीच वाटते. एक घास घेतला की पुढचे घास मला विचारून येत नाहीत. आणि तुझं घर! तुझ्याकडे ‘पुरे’ म्हटलं की खरं वाढणं सुरू होतं. पानावर आडवा हात धरला तर तू बोटांच्या फटीतून आमटी ओततेस. माझी दोन वर्षं तुझ्या एका पंगतीत वाहून जातील. चिडून नाही, घाबरून लिहितोय. मुलीच्या केळवणाला यावंसं कोणत्या बापाला वाटणार नाही? पण मला नाही जमणार.

मोठ्या मनाने समजून घे. लोभ राहू दे.

तुझा,
चंदू


विरार,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

हे ‘शि. सा. न. वि. वि.’ मम्मीला विचारून लिहिलंय, चुकलं तर माफ कर. फोन केला असता, पण आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये बोललेलंही पप्पांना ऐकू जातं.

रविवारी आम्ही वसईला शालू घ्यायला गेलो होतो. पप्पांना चक्कर आली आणि ते शालूंच्या ढिगावरच बसले. दुकानदाराने घाबरून पेढा पुढे केला, तर पप्पा डोळे मिटूनच विचारतात, यात साखर किती? सकाळपासून फक्त अर्धं सफरचंद खाल्लं होतं. मम्मी तिथेच रडायला लागली आणि दुकानदाराला वाटलं शालू महाग पडला, त्याने दोन हजार कमी केले.

मी कॅथरिन मॅडमना गुपचूप फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांचं वजन आता हवं त्याच्याही खाली चाललंय, हे थांबायलाच हवं. मी पप्पांना ओढून त्यांच्याकडे नेणार आहे. पण तू प्लीज आग्रह करू नकोस, ओरडू नकोस. एकदा तरी त्यांच्या मनासारखं कर. मला लग्नात पप्पा हवेत आत्या, त्यांचा हँगर नको.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं ना? तो असावाच.

तुझी,
क्षितिजा


विरार,
३ डिसेंबर २०२५

ती. सौ. वसुताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचण्याआधी खाली बस. मी केळवणाला येतोय, आणि जेवणार आहे.

क्षितिजाने मला कॅथरिनबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे रिक्षात कोंबलं. मी बाईंना म्हटलं, एका केळवणाने माझं सगळं मुसळ केरात जाईल. त्या म्हणाल्या, चाळीस किलो उतरवायला तुम्हाला दोन वर्षं लागली, ते एका दुपारी परत येणार नाहीत, त्यासाठी निदान दोन वर्षं रोज केळवण लागेल, एवढ्या मुली आहेत का तुम्हाला? मग जरा नरम होऊन म्हणाल्या, वेळच्या वेळी जेवा, उपाशी राहू नका, भूक असेल तेवढं घ्या आणि पोट भरलं की थांबा. थांबता येतं हे एकदा स्वतःला दाखवा. ते मला पटलं. घाबरत घाबरत पटलं.

तेव्हा तू नेहमी करतेस तसंच कर. नारळाच्या दुधातलं वालाचं बिरडं, पुऱ्या, घारगे, सगळं. दोन वर्षं मी त्या बिरड्याची स्वप्नं बघतोय. पोटात जागा राहावी म्हणून शनिवारी सकाळपासून काही खाणार नाही. हे कॅथरिनबाईंना सांगितलेलं नाही, तूही कुठे बोलू नकोस.

स्टॅनीला बजावलंय, पत्र आजच दे म्हणून. लोभ आणि बिरडं दोन्ही असू द्यावं.

तुझा,
चंदू


वटार,
५ डिसेंबर २०२५

चि. चंदूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या राजोडीच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण लिहायला बसले की डोळे भरायचे. तुला दोन परक्या माणसांनी उचललं आणि मला माहीतही नाही. त्या हसणाऱ्याचं नाव कळव, त्याला मी बघते.

मी हरले बाबा. डबा आणू नकोस, माझ्याच घरी तुझा डबा शिजेल. तुझ्या एकट्याचं वेगळं केलं तर तुला लाजल्यासारखं होईल, म्हणून सगळ्या पंचवीस माणसांना तेच. उकडलेला दुधी, मोड आलेले मूग, कोशिंबीर, बिनतेलाची भाकरी. गोड म्हणून पपई. स्टेफीकडून, म्हणजे आपल्या स्टॅनीच्या बायकोकडून, केक करायचा वजनकाटा आणलाय, तुझं सगळं मोजून वाढीन. तुझ्या भावोजींनी यादी ऐकली आणि विचारलं, हे केळवण आहे की बारावं? मी त्यांना गप्प केलं. तू निर्धास्त ये.

स्टॅनी निघालाय, म्हणून पुरे करते. लोभ आहे, यापुढे मोजून पाठव म्हणशील तर तसा.

तुझी,
वसुताई


विरार,
९ डिसेंबर २०२५

ती. सौ. वसुताईस,
चंद्रहासचा सा. न. वि. वि.

तुझं पाच तारखेचं पत्र आज मिळालं, आणि माझं तीन तारखेचंही आजच तुला मिळालं असेल. स्टॅनी माझं द्यायला विसरला, तुझं घेऊन निघाला आणि नालासोपाऱ्यात टेम्पोचा क्लच गेला. आपली दोन्ही पत्रं चार दिवस गॅरेजमध्ये शेजारी शेजारी पडून होती.

तेव्हा रविवारी मी कोणत्या अवस्थेत आलो ते आता तुझ्या लक्षात येईल. दीड दिवसाचा उपाशी. कुंपणापासूनच बिरड्याचा वास शोधत होतो. आला तो नुसत्या वाफेचा. टेबलावर बघतो तर दुधी! मला वाटलं, ताईने भर पंगतीत माझी टर उडवली. तोंडाशी आलं होतं ते बोलून निघून जाणार होतो. बिचारा जितेश, आपला होणारा जावई, किती हलकं जेवण आहे म्हणत दुधी गिळत होता, आणि क्षितिजा त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

मग तू आलीस, हातात तो केकचा काटा. माझी वाटी त्यावर ठेवलीस, एक फोड काढलीस, परत थोडी घातलीस, आणि घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे बघून विचारलंस, एवढं बरोबर आहे ना रे? ताई, लहानपणापासून ज्या बाईने मला दोन माणसांचं वाढलं, ती फोड मोजत होती. सगळ्यांदेखत मी विचारलं, ताई, भात आहे का गं?

तू आत गेलीस आणि छोट्या पातेल्यात भात आणलास, वरण, तूप, लिंबाची फोड. मी जेवलो. तू परत वाढलंस, तेही जेवलो. आणि मग पोट भरलं. मला कळलं की भरलं! भाताचा डाव तुझ्या हातात होता, मी पुरे म्हटलं, आणि तू हात मागे घेतलास. एकदासुद्धा आग्रह केला नाहीस. उलट तुझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तुला केवढं जड गेलं असेल ते मला कळतं. माझ्यासाठी तू स्वभाव बदललास.

सोमवारी काटा थोडा वर होता. घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण दुपारी जेवलो आणि रात्रीही जेवलो. उपाशी राहून आलो म्हणून कॅथरिनबाईंची बोलणीही खाल्ली, ती धरून तीन वेळा झालं. आता दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येणार. तू थांबतेस, म्हणून मलाही थांबता येईल.

श्रीपतराव त्या दिवशी गप्प गप्प वाटले. बरे आहेत ना? लोभ आहे तो दर रविवारी वाढावा.

तुझा,
चंदू


वटार,
१२ डिसेंबर २०२५

चि. क्षितिजास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाच आणि फाडून टाक. तुझ्या पप्पांच्या हाती लागलं तर मी मेले.

तुझ्या पप्पांना वाटतंय, मी त्यांच्यासाठी हात आवरला. अगं, कसला हात आवरते! तो भात तुझ्या आतोबांचा होता. उकडलेला दुधी खाणार नाही म्हणून सकाळपासून रुसून बसले होते, म्हणून गुपचूप त्यांच्यापुरता शिजवला होता. चंदूने भात मागितला, मी आनंदाने पातेलंच उचललं. दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा डाव घातला तर खरवडायलाही काही नाही! तेवढ्यात चंदू पुरे म्हणाला. एक शीत जरी असतं ना, मी ते त्याच्या पानात घातलं असतं. माझा भाऊ दोन वर्षांनी भात मागतो आणि माझ्या घरात भात नाही, म्हणून मला रडू आलं. आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी मोठा त्याग केलाय.

तुझे आतोबा त्या दिवशी केळ्यांवर राहिले. अजून धड बोलत नाहीत.

बुधवारपासून मी त्यांच्यावर सराव करतेय. ते पुरे म्हणाले की थांबायचं. काल ते अर्धपोटी उठले. म्हणतात, अगं, मी आपलं सवयीने म्हणतो, तू वाढत जा. या घरात पुरे म्हणजे खरंच पुरे, असं आजवर कुणी कुणाला म्हटलेलंच नाही.

परवा रविवारी चंदू येतोय. बिरडं करणार आहे, तेही मोठं पातेलं भरून, त्याला शोभेलसं. तो पुरे म्हणेल तेव्हा पातेलं भरलेलं असेल आणि डाव माझ्या हातात असेल. त्या वेळी तू माझ्या शेजारी उभी राहा, आणि गरज पडली तर माझा हात धर.

जितेशला आशीर्वाद, त्याला सांग लग्नात दुधी नाही. लोभ आहे तसाच ठेव, आणि तोंड बंद ठेव.

तुझी,
आत्या