माडग्याच्या रंगाची नाव

तीर्थरूप आत्याबाई,

नदीच्या शिरूरकडच्या काठावर बसून लिहितेय. बाया वर रानात कांद्याच्या लागणीला गेल्यात, त्या परत येईपर्यंत मला इथून हलता यायचं नाही. पिशवीत पोरीची जुनी वही सापडली. म्हटलं, आजच लिहावं. उद्या गावातलं कुणी ना कुणी तुमच्याकडं वर येईल आणि कान भरील, ‘म्हातारे, सुनेनं तुझी नाव नासवली.’ त्याआधी माझ्या तोंडून ऐका.

व्हय, नासवली! तुमचं डांबर मी खरवडलं. सगळं. उलथन्यानं.

आता काय शिव्या घालायच्या त्या घालून घ्या, मी थांबते.

मामंजींची लाकडी नाव पुरात गेली तेव्हा तुम्ही ही ॲल्युमिनियमची आणलीत. सरकारी पूरकामातून मोडीत निघालेली, बुडाला पोचे आलेली. तिच्यावर इतकी वर्षं माणसं या काठावरून त्या काठावर नेलीत, पण तिला नाव म्हणून कधी हाक मारली नाहीत. ‘डबा’च म्हणायच्या. आणि त्या डब्याला दर साली न चुकता डांबर, लाकडाच्या नावेला लावायच्या तसंच. रिव्हेट ढिलं झालं की चिंधी कोंबायची, वर डांबर. अहो आत्याबाई, लाकूड डांबर पितं, पत्रा पीत नाही! डांबराच्या आड पाणी दडून बसलं आणि पत्रा आतून खात गेलं. त्यात तुमचे ते लोखंडी नटबोल्ट, त्यांच्याभोवतीचा पत्रा तर आधी सडला. कुणी सांगायला गेलं तर म्हणायच्या, ‘मी पाण्यात जन्मले, मला शिकवतो व्हय रं?’ तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती?

अंथरुणाला खिळलात तरी रोज विचारायच्या, ‘शालन, डांबर लावलं का गं?’ मी म्हणायचे, ‘लावलं.’ धादांत खोटं. नाव लिंबाखाली पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. शेवटच्या दिवशीही तुम्ही विचारलंत, मीही तेच सांगितलं, आणि तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. त्या खोट्याची बोच मला आहे. फार आहे. डांबर न लावल्याची मात्र जराही नाही.

तुमचे चिरंजीव तेराव्यानंतर सणसवाडीला कंपनीत गेले, ते पुढच्या सुट्टीला भंगारवाल्याला बोलावूनच आले.

मी म्हटलं, “आन् बाया पल्याड कशानं जातील?”

“पिकअपनं जात्यात की पुलावरनं. कुणाचं अडलंय?”

कुणाचं अडलंय! पुलाचा वळसा घालून पोचेपर्यंत उन्हं वर येतात. पलीकडच्या मालकानं सरळ सांगितलं होतं, सकाळी वेळेवर येणाऱ्या बाया मिळाल्या तर ठीक, नाहीतर बाहेरची टोळी लावतो. म्हणजे नाव नाही तर आपल्या वस्तीवरच्या अकरा बायांना या लागणीचं काम नाही. मी भंगारवाल्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. फुगवू दे.

पण दुरुस्त करायची कशी? मी कोरड्या गावची, केंदूरकडची. तुम्ही मला ‘आमची कोरडवाहू’ म्हणायच्या आणि बाया फिदीफिदी हसायच्या. नावेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण ॲल्युमिनियमची पातेली मी जन्मभर घासलीत! पातेलं गळतंय कुठं, हे बघायला आपण काय करतो? पाणी भरतो. मी नाव विटांच्या थप्प्यांवर सुलटी ठेवली, मोटारीचा पाइप आत सोडला आणि खाली उताणी निजले. जिथं थेंब धरला तिथं पोरीच्या नेलपेंटनं टिकली. तेवीस टिकल्या झाल्या. नटलेली दिसत होती तुमची नाव.

डांबर डिझेलनं भिजवून, खरवडून काढायला आठ दिवस लागले. यांनी मदत म्हणून धुण्याच्या सोड्याची पिशवी आणून दिली. ती मी तशीच गोठ्याकडं भिरकावली. सोड्यानं ॲल्युमिनियम काळं ठिक्कर पडतं हे बाईला सांगायला लागतं का? चिंचेचा कोळ केला, नारळाची शेंडी घेतली आणि घासली. मग अशी लखलखली की लागणीच्या बायांतली ताराक्का म्हणाली, “शालन, हिच्यात रस्सा कर आता, आख्खं गाव जेवंल.”

पुढचं काम सलीमभाईंचं. आपल्याच गावचा तो, यवतला हायवेवर ट्रक रंगवतो. त्यानं एक अख्खा रविवार दिला. लोखंडी बोल्ट काढून फेकले, ॲल्युमिनियमची रिव्हेटं आणली. मी आतून घण दाबून धरायचा आणि तो बाहेरून ठोकायचा. पत्र्यावर लावायचा प्रायमर वेगळा असतो, बसच्या बॉडीला वापरतात, तोही त्यानंच आणला. “लोखंडाचा लाल प्रायमर ह्याच्यावर टिकत न्हाई वहिनी, सालपटं निघत्यात,” म्हणाला.

ठोकता ठोकता सहज बोलून गेला, “मावशीनंच मला पव्हायला शिकवलं, ह्याच धारंत.”

माझा हातच थांबला. सलीमला शिकवलंत, ताराक्काच्या दिरांना शिकवलंत, अर्ध्या गावाला शिकवलंत. मी बावीस वर्षं तुमच्या नावेत बसले ती फळी घट्ट धरून! मला वल्ह्याला हात लावू दिला नाहीत. का?

मी त्यालाच विचारलं, तर सलीमभाई खाली मान घालून म्हणाला, “मावशी म्हनायची, दुसऱ्याची लेक हाय ती. पान्यात काय इपरीत झालं तर तिच्या आईला काय तोंड दावू?”

मी घण ठेवला आणि विहिरीवर जाऊन रडून आले. रडून झाल्यावर संताप आला. एकदा मला विचारायचं तरी होतंत! भीती तुमची आणि पाण्याला मी मुकायचं, हा कुठला न्याय? त्याच आठवड्यात पाठीला रिकामा कॅन बांधून मी विहिरीत उतरले. शेचाळिसाव्या वर्षी. पोरीनं व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला. नाकातोंडात पाणी गेलं, पण पंधरा दिवसांनी कॅन सोडला.

आता ऐका, एक गोष्ट तुमच्या मनाविरुद्ध बोलणार आहे. डांबराचा सगळ्यात खालचा थर निघाला तेव्हा नावेच्या बाजूवर अक्षरं दिसली. मागल्या एका पंचायतीच्या निवडणुकीत तुम्ही उमेदवाराचं नाव रंगवू दिलं होतंत ना? त्यानं नवी वल्ही दिली म्हणून. तेव्हा दुसऱ्या गटाच्या घरातली माणसं नावेत बसेनात. ताराक्का तापलेलं पोर कडेवर घेऊन पुलाच्या रस्त्यानं चालत गेली, कारण नवरा म्हणाला, त्यांच्या नावेत पाय ठेवायचा नाही. तुम्ही काठावरून हाका मारल्यात. तिनं मागं वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नावेच्या पार वरच्या काठापर्यंत डांबर फासलंत आणि कुणाशी काही बोलला नाहीत. निदान माझ्याशी तरी बोलायचं होतंत, आत्याबाई! चूक झाली एवढंच म्हणायचं होतंत. मी काय तुम्हाला हसले असते?

म्हणून तर या वेळी वरच्या आळीचे बापू आले तेव्हा मी आधीच सावध होते. निवडणूक तोंडावर आलीय. बापू उभे आहेत. खुर्चीवर बसले, नावेकडं बघितलं आणि म्हणाले, “सूनबाई, रंगाचं टेन्शन घ्यायचं न्हाई. रंग माझा, पेंटर माझा. इंजीनसुद्धा बसवून देतो. फकस्त दोन्ही बाजूनं आपलं नाव आन् चिन्ह.”

इंजीन! खोटं कशाला बोलू, क्षणभर जीव हलला. माझे खांदे अजून वल्ह्याला सरावलेले नाहीत. मग ताराक्काची पाठ डोळ्यांपुढं आली.

म्हटलं, “बापू, तुम्ही बसायला या, कवाबी या. नाव मातुर कुणाचं लागायचं न्हाई.”

बापू हसले. ते हसले की काहीतरी बिनसतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. “बरं बरं. पण घाटाची वाट माझ्या रानातनं जाती, ध्यानात ठेव.”

मग गावभर रंगाची चर्चा. नाव नको तर नको, निदान रंग तरी! एक म्हणतो भगवा दे, एक म्हणतो निळा दे, एकानं हिरव्याचा डबा आणून दारात ठेवला. कुठलाही रंग घेतला तरी तो कुणाचा तरी होताच. आणि माझ्याकडं नवा रंग घ्यायची ऐपतही नव्हती. सलीमभाईकडं ट्रकांचे उरलेसुरले ऑइलपेंट होते, कशाच्या तळाला वाटीभर, कशात अर्धा डबा. मी सगळे एकाच बादलीत ओतले, दारातला तो हिरवासुद्धा, आणि बांबूनं ढवळले. कसला रंग झाला असेल? हुलग्याच्या माडग्याचा! माझ्या माहेरी आजारी माणसाला पाजतात तो. सलीमभाईनं कपाळाला हात लावला. “वहिनी, असा कलर मी आख्ख्या जिंदगीत लावला न्हाई.”

म्हटलं, “लावा. ह्यो कुठल्याच पक्षाचा न्हाई.”

दोन हात बसले. आत रंग ओला असताना वाळू भुरभुरली, बायांचे पाय घसरू नयेत म्हणून. दिसायला ध्यान आहे, खरंच ध्यान आहे. पण पाणी भरून परत बघितलं, एक थेंब नाही.

आज सकाळी नाव न्यायला निघालो, तर घाटाच्या वाटेवर बोराटीच्या काटेरी फांद्या. आडव्या, कमरेएवढ्या उंच रचलेल्या. बापू बांधावर उभे. “माझं रान हाय. कुनाला काय सांगायचं त्ये तहसीलला जाऊन सांगा.”

पलीकडं मालक वाट बघत होता. आज पोचलो नाही तर उद्या टोळी लागणार. मी नुसती उभी राहिले.

ताराक्कानं नावेचा काठ धरून उचलून बघितला. मग वळून म्हणाली, “अगं, ही तर हलकी हाय! वढ्यानं नेऊ. वढा काय ह्यांच्या बापाचा हाय व्हय?”

लाकडाची नाव असती तर बैलजोडी लागली असती. अकरा बाया आणि मी, बारा जणींनी तुमचा डबा डोक्यावर घेतला. चुंबळी केल्या साड्यांच्या पदरांच्या. ओढ्यात गुडघाभर चिखल, वेड्या बाभळीची झुडपं, एकीची चप्पल रुतली ती रुतलीच. कुणीतरी ओव्या म्हणायला लागलं, कुणीतरी बापूंच्या नावानं तोंडभर शिव्या देत होतं. आणि मी त्या पत्र्याखाली, अंधारात, हसत होते. किती दिवसांनी हसले असेन!

पाण्यात घातली. तरंगली. बाया बसल्या. मी वल्ही हातात घेतली आणि नाव गोल फिरली, एकदा, दोनदा. बांधावरून बापू ओरडले, “बुडवशील गं सगळ्यांला!”

तिसऱ्या फेऱ्याला मला कळलं की एका बाजूचं वल्हं जास्त ओढतेय. मग ती सरळ झाली. जलपर्णीत एकदा अडकली, प्रवाहानं खाली नेली, तुमच्यासारखी नीट घाटाला लागली नाही, बरीच खाली लागली. पण लागली! बाया उड्या मारून उतरल्या आणि पदर कमरेला खोचून ताठ चालत रानात गेल्या. मालकानं मोबाइलवर वेळ बघितली आणि हजेरीची वही काढली.

मगाशी यांचा फोन आला. कुणीतरी आजचा नावेचा व्हिडिओ पाठवला म्हणे. पुढं म्हणाले, “शालन, नावेवर आईचं नाव तरी लिहू या का? कैलासवासी म्हणून. आईच्या नावाला कोण हरकत घेणार?”

आत्याबाई, मी नाही म्हटलं.

रागावू नका. तुमची आठवण मला कमी येते म्हणून नाही. आज वल्हं धरलं तेव्हा तळहाताला जिथं फोड आला, तिथं तुमच्या हाताला घट्टा होता, हे मला ठाऊक आहे. पण तुमचं नाव लिहिलं तर ती तुमची होईल, मग आपल्या घराण्याची होईल, मग कुणीतरी म्हणेल, त्यांच्या नावेत बसायचं नाही. तुमच्या हाकेला पाठ फिरवून एक बाई निघून गेली होती, ती पुन्हा कधी जाऊ नये. तेव्हा वचन देते: मी जिवंत आहे तोवर या नावेवर कुणाचं नाव लागणार नाही. बापूंचं नाही, देवाचं नाही, तुमचंही नाही. जो पाय ठेवील त्याला मी पलीकडं नेईन. उद्या बापू आले तर बापूंनाही, आणि बसल्यावर बोराटीबद्दल एक अवाक्षर काढणार नाही. मनात काढीन.

बाया येतायत. रोपांच्या चिखलानं हात भरलेत, आणि अंधार पडायच्या आत मला अकराच्या अकरा जणी घरी पोचवायच्यात.

आपली सून,
शालन