भाऊबीजेची सही

प्रिय शेखर,

'प्रिय' लिहिताना हात थबकला. पण आईनं पत्र असंच सुरू करायला शिकवलंय, दुसरं काही येत नाही, म्हणून राहू दिलं.

तुझी निमंत्रणपत्रिका मिळाली. लासलगावहून शेजारच्या देशात निघणारी कांद्याची पहिली मालगाडी, प्रमुख पाहुणा तू, आणि गाडीला ओवाळायला मी. माझ्या नावामागे 'वीरपत्नी' छापलंय.

इकडे सगळे खुशीत आहेत. दोन्हीकडचे दूतावास पुन्हा उघडणार, ही बातमी आली तेव्हा मी बाजार समितीत आपल्या ट्रॅक्टरपाशी उभी होते. लिलाव थांबवून व्यापाऱ्यांनी पेढे वाटले, मीही घेतला. लढाई होऊन नऊ वर्षं झाली. दोन देशांनी पुन्हा बोलावं, माणसं आणि माल यावा-जावा, असं मला कुणापेक्षा कमी वाटत नाही. आणि या वाटाघाटींच्या बैठकीत आपल्या बाजूनं माझा धाकटा भाऊ बसतो, याचा केवढा ताठा होता मला. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर तुझा आवाज ऐकू आला. बेपत्ता जवानांची यादी आता बंद झाली आहे, असं तू पत्रकारांना सांगत होतास. सर्व कुटुंबांच्या लेखी संमतीनं.

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मला गेल्या वर्षीची भाऊबीज आठवली. मी तुला ओवाळलं, तू ताटात साडी ठेवलीस आणि मग पिशवीतून एक इंग्रजी कागद काढलास. जवानाची मुलगी म्हणून स्नेहलला कॉलेजात राखीव जागा मिळायची तर हा लागतो, म्हणालास. सासूबाई दारातून म्हणाल्या, "सरिता, वाचल्याबिगर सही करू नको. माझा सोमनाथ जिता हाय." मी उलट त्यांच्यावरच खेकसले. भावानं आणलेला कागद काय वाचायचा? निरांजन अजून जळत होतं, त्या ताटाशेजारीच मी सही केली. तुझे दाजी हयात नाहीत, असं माझ्याच हातानं लिहून दिलं.

आणि ते हयात असल्याची बातमी तूच तर आणली होतीस रे. सुटून आलेल्या एका कैद्याला गाठलंस. त्यानं दाजींना तिकडच्या इस्पितळात पाहिलं होतं. पाय प्लास्टरमध्ये, आणि आमटीला तिखट नाही म्हणून कुरकुरत होते. ते ऐकून सासूबाई आधी हसल्या आणि मग रडत बसल्या. त्या कुरकुरीवर आम्ही इतकी वर्षं काढली. प्रत्येक बैठकीत तू त्यांचं नाव वाचायचास, मग मला फोन करायचास. पुढे ते नाव तुमच्या समझोत्याच्या वाटेत येऊ लागलं असेल, तेही मी समजू शकते. मग खरं सांगून सही मागायची होतीस. मी दिली नसती. हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू भाऊबीज निवडलीस. तुझ्या परीक्षेच्या दिवसांत रोज पहाटे चहा करून तुला उठवणाऱ्या बहिणीला तू फसवलंस, शेखर. याचा मला फार राग आहे, आणि लाजही वाटते. सासूबाईंसमोर मान वर होत नाही.

काल नाशिकला सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मी सही मागे घेतल्याचा अर्ज दिला. त्याची नक्कल तुझ्या हाती असावी, म्हणून हे पत्र. गाडी खुशाल जाऊ दे, त्यात माझ्याही शेतातल्या गोण्या आहेत. मी ओवाळायला येणार नाही. दाजींचं नाव यादीत परत घाल, तोवर माझ्या दारात येऊ नकोस. भाऊबीज पुढच्या आठवड्यात आहे. साडी पाठवू नकोस. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. यंदा मीही ताट घेऊन अंगणात जाईन.

तुझ्या दाजींची,
सरिता