सुनंदाच्या रॅकेटची जाळी

परभणी, १४ नोव्हेंबर १९८४

इतके दिवस एक ओळही लिहिली नाही, चूक माझीच. आज मात्र चैन पडेना.

कॉलेजच्या बॅडमिंटन रॅकेटच्या जाळ्या इतकी वर्षं मीच हाताने विणतो. आता बाजारातल्या दुकानात ताण देणारं मशीन आलंय. परवा विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, म्हणून आमच्या कॉलेजकडून खेळणाऱ्या सुनंदाने विचारलं, जाळी मशीनवर घेऊ का? मी नाही म्हटलं. लाकडी चौकट, तडकेल. आज तिची मैत्रीण तशीच लाकडी रॅकेट मशीनवर विणून घेऊन आली. तडा कुठेच नाही. नखाने टिचकी मारली तर जाळी टणकन वाजली. आणि माझी? धप्प.

"सर, तुमची जाळी लय मायाळू हाय," सुनंदा म्हणाली. "शटलचं फूल झेलती, पण माघारी धाडीत न्हाई."

पोरी हसल्या. मीही हसलो.

संध्याकाळी तिची जाळी काढून पुन्हा ताणली, बोटं कापून घेतली. टिचकी मारली. धप्पच. मला काळजी खरंच चौकटीची होती, की माझ्या हाताची? पोरीची निवड हुकली तर कुठल्या तोंडाने तिच्यासमोर उभा राहू?

उद्या : सुनंदाची रॅकेट मशीनवर द्यायला स्वतः जाणे.