चार वेळा बदलायचं पाणी

बाई, तुम्ही गेल्यावर तुमच्याशी मी मनातही कधी धड बोललो नाही. पण परवापासून अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, "काय परेशान झालात हो, बसा की एका जागी." बसवत नाही. म्हणून लिहितोय. वाचणारं कुणी नाही, ते मला ठाऊक आहे.

तुमचं चिक्कडपल्लीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. दिवाळी तोंडावर आलेली, मी तुमच्या लॅबमधला नवा विद्यार्थी, आणि लायपोसोम म्हणजे काय ते माझ्या टाळक्यात शिरत नाही. तुम्ही कच्ची करंजी हातावर घेता. "हे बघ. पारी म्हणजे चरबीचा पापुद्रा, डोळ्यांना न दिसणारा. सारण म्हणजे स्कॅनचा डाय, फोटोत पांढरा उठणारा. नुसता डाय टोचला तर झटक्यात लघवीत उतरतो. पारीत बसला की यकृतात जाऊन थांबतो, मग तिथली गाठ ओळखू येते." आणि कडेला लागलेलं सारण बोटाने पुसून टाकता. "हे राहिलं तर तेलात जळतं, अख्खा घाणा बिघडतो. पारीबाहेरचा डाय धुतल्याशिवाय मला तोंड दाखवायचं नाही. कळलं का, बावळटा?" धुवायचं म्हणजे सगळं पातळ पडद्याच्या पिशवीत बांधून मिठाच्या पाण्यात सोडायचं. बाहेरचा डाय पाण्यात निघून जातो, पारीतला पिशवीतच राहतो. पाणी चार वेळा बदलायचं, हा तुमचा नेम.

राज्याचे दोन तुकडे होत होते ती वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा, आणि कॉलेजात एकच विषय, कुणाची पोस्ट इकडे आणि कुणाची तिकडे. आपली लॅब इथे ठेवायची की नाही ते ठरवायला समिती येणार होती. तुम्ही हसायचात. "मागे जुनं राज्य मोडलं तेव्हा आजोबांचं गाव महाराष्ट्रात गेलं नि आजोबा सुलतान बाजारात राहिले. त्यांना कुणी फॉर्म दिला होता का?" पण घरी तुमची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून कुठे जाणार होता तुम्ही?

समितीला दाखवायला आपण हा डाय सशाला टोचून स्कॅन करणार होतो. त्या स्कॅनच्या आदल्या दिवशी बंद होता. दुपारनंतर बस मिळणार नव्हती, म्हणून मी पाणी एकदाच बदललं आणि घरी पळालो. स्कॅनमध्ये यकृत झकास पांढरं आलं, पण खाली मूत्राशयही लखलखत होतं. न धुतलेला डाय, दुसरं काय! मी वरचा अर्धाच फोटो छापून आणला.

"खालचं कुठंय रे?"

"मशीनची वेळ संपली, बाई."

तुम्ही फोटो बराच वेळ धरून ठेवलात. मग म्हणालात, "हौ. संपली असेल," आणि फाइलीत लावलात. लॅब राहिली, तुम्हीही राहिलात. तुम्हाला समजलं होतं का, बाई? समजलं असेल तर मला लाज वाटते. समजलं नसेल तर त्याहून जास्त वाटते, कारण मग तुम्ही फक्त माझ्यावर विश्वास टाकलात.

आता मी स्वतः गाईड आहे. आमचा विभाग दुसऱ्या विभागात मिसळायचा घाट घातलाय, आणि उद्या त्याची पाहणी आहे. परवा माझी विद्यार्थिनी पूर्ण फोटो घेऊन आली, लखलखत्या मूत्राशयासकट. न विचारता म्हणाली, "सर, धुणं कमी पडलं माझं. परत करते, आठ दिवस द्या." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कायकू परत? वरचा भाग चांगला आलाय की. तेवढाच लाव." पोरीने फोटो परत पाकिटात घातला. मग मान खाली घालून "बरं सर" म्हणाली.

तुम्हाला हे सांगून काय होणार? तुम्ही काही ओरडायला येत नाही. खरं तर फोन त्या पोरीला करायला हवा, पूर्ण फोटोच लाव म्हणून. तो इथेच टेबलावर आहे. पाहणी उद्या सकाळी अकराला आहे, आणि हे पत्र मी मुद्दाम लांबवतोय.